नकाराच्या कारणाचा रकाना

(परळ येथील सभेत केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा विषय दिला होता. विषय इतका मोठा की त्यावर बोलणारा काहीही बोलून सुटतो. म्हणून मी तो लहान करून घेतला आहे. दादरच्या दुकानात फ्रिज हप्त्यावर घ्यायला गेलात किंवा मोबाइलवरून वॉशिंग मशीन भाड्याने मागवलंत, तर तुमचा अर्ज मंजूर करायचा की नाही हे कोण ठरवतं? आणि 'नाही' म्हटलं तर का म्हटलं, हे तुम्हाला का कळत नाही? एवढंच. मी इंजिनिअर आहे, गेली दहाएक वर्षं याच प्रकारचं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्यामुळे जे सांगेन ते आतून पाहिलेलं आहे.

आधी दुकानात काय घडतं ते पाहू. फ्रिज पसंत पडला की विक्रेता तुम्हाला कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाठवतो. तिथे फायनान्स कंपनीचा मुलगा टॅब घेऊन बसलेला असतो. मोबाइल नंबर, ओटीपी. पॅन. आधार, पुन्हा ओटीपी. एक सेल्फी. दोन-तीन मिनिटांत उत्तर. त्या मुलाच्या हातात काही नसतं हे लक्षात घ्या. तो फक्त माहिती भरतो. 'साहेब, सिस्टिम घेत नाहीये' असं तो म्हणतो तेव्हा तो टाळत नसतो, त्यालाही तेवढंच दिसत असतं.

त्या दोन-तीन मिनिटांत तुमचा अर्ज एकामागोमाग एक चाळण्यांतून जातो. पहिला ओटीपी देताना तुम्ही क्रेडिट ब्युरोकडून तुमचा इतिहास मागवायला संमती दिलेली असते. वाचलेली नसते, पण दिलेली असते. देशात असे चार ब्युरो आहेत. त्यातला सर्वांत जुना सिबिल, २००० साली सुरू झालेला. त्याचं कार्यालय इथून फार लांब नाही, सेनापती बापट मार्गावर, गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत. गिरणी कामगाराच्या नातवाची पत आता त्या जागी मोजली जाते. तीनशे ते नऊशे असा आकडा येतो. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याच्या नावापुढे आकड्याच्या जागी उणे एक असतं. आयुष्यभर रोखीने व्यवहार केलेल्या, कुणाचा एक रुपया न बुडवलेल्या माणसाची ही खूण.

त्यानंतर कंपनीचे स्वतःचे नियम लागतात. वय बसतं का, चालू हप्ते उत्पन्नाच्या किती टक्के आहेत, पत्ता जुळतो का, नाव जुळतं का, पिनकोड यादीत आहे का. यातल्या एकाही पायरीवर माणूस बसलेला नसतो. असायची गरजही नाही, असं माझं मत आहे. दिवसाला हजारो अर्ज माणसांनी तपासायचे म्हटले तर फ्रिज दिवाळीनंतर मिळेल.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आपल्यातले काही जण म्हणतात की पूर्वी दुकानदार माणूस ओळखायचा, आता मशीन आलं आणि माणुसकी गेली. मला हे पटत नाही. या गिरणगावात पूर्वी कर्ज कसं मिळायचं याची नोंद आहे. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार खात्याने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, फिंडले शिराज यांनी तिचा अहवाल लिहिला. पाहिलेल्या कुटुंबांपैकी ४७ टक्के कर्जात होती, आणि नेहमीचा दर होता रुपयाला महिन्याला एक आणा. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. ही ओळखीची माणुसकी. आणि नाव ऐकून 'खोली कालच गेली हो' असं सांगणारे घरमालक काही मशीन नव्हते. ते आजही आहेत. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तरीसुद्धा त्या जुन्या नकारात एक गोष्ट होती. लालबागच्या वाण्याने उधार बंद केलं तर तो तोंडावर सांगायचा की मागचे दीडशे बाकी आहेत. तुम्ही म्हणायचात, पन्नास आज घ्या, बाकीचे पगाराला. भांडण व्हायचं, मध्ये कोणी तरी पडायचं, मार्ग निघायचा. कारण माहीत असलं की भांडता येतं. टॅबवर येतं ते वाक्य असं असतं: 'या वेळी आम्ही आपल्याला सेवा देऊ शकत नाही.' या वाक्याशी भांडून दाखवा.

आता पिनकोडकडे येतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिपी, चुकीची स्पेलिंगं, यातून पत्र बरोबर माणसाच्या हाती पडावं म्हणून त्यांनी सहा आकडे दिले. पत्र पोचावं म्हणून काढलेला आकडा आज माणसाला गाळायला वापरला जातो.

मी वस्तू भाड्याने देणाऱ्या एका कंपनीसाठी काम करत होतो. नाव सांगत नाही. पलंग, गादी, फ्रिज, वॉशिंग मशीन, महिन्याच्या भाड्याने. अर्ज आला की पहिली चाळणी पिनकोडची. एक तक्ता होता. पहिला रकाना पिनकोड, दुसरा शहर, तिसरा 'सेवा', हो किंवा नाही. ४००००४, गिरगाव: हो. ४०००१२, परळ-लालबाग: हो. ४०००२८, दादर पश्चिम: हो. ४००००८, म्हणजे नागपाडा, मदनपुरा, कामाठीपुरा: नाही.

मी विचारलं, का नाही? सामान पोचवणाऱ्या विभागाने सांगितलं, गल्ल्यांत टेम्पो शिरत नाही. वसुली विभागाने सांगितलं, आमची मुलं तिकडे जायला तयार नसतात. ज्याच्याकडे तक्ता सांभाळायचं काम होतं तो म्हणाला, माझ्या आधीपासूनच तसं आहे. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि तक्त्यात शब्द एकच.

पहिलं उत्तर खरं असेल तर त्यावर मला काही म्हणायचं नाही. पलंग पोचवता येत नसेल तर भाड्याने कसा देणार? पण लालबागच्या कितीतरी चाळींच्या बोळांतही टेम्पो जात नाही. तिथे नाक्यावर टेम्पो लावतात आणि हमाल पाठीवरून फ्रिज दुसऱ्या माळ्यावर नेतो. ४०००१२ मध्ये चाळीस मजली टॉवर आहे आणि त्याच्या सावलीत दहा बाय बाराच्या खोल्याही आहेत. तरी तो पिनकोड 'हो'. मग मुद्दा टेम्पोचा राहत नाही.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत आला. शिष्यवृत्ती आणि नोकऱ्यांचे आकडे आपण भाषणांत सांगतो, पण त्यात कर्जपुरवठ्यावर एक प्रकरण आहे ते फारसं कुणी उघडत नाही. काही बँका 'निगेटिव्ह' भौगोलिक क्षेत्रं ठरवतात, तिथे सहजासहजी कर्ज मिळत नाही, आणि त्यातल्या काही भागांत मुस्लिम वस्ती मोठी असू शकते, असं समितीने नोंदवलं. त्या वेळी ही गोष्ट बँकेच्या मॅनेजरच्या डोक्यात किंवा फायलीत असायची. आम्ही ती तक्त्यात घातली. मॅनेजर बदलला की मन बदलण्याची शक्यता तरी असते. तक्ता एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये जसाच्या तसा उचलला जातो. पाच वर्षांनी 'का' हे सांगणारा एकही माणूस कंपनीत उरत नाही.

मी एक तिकीट टाकलं. आमच्याकडे सुधारणा सुचवायची तर तिकीट टाकतात. सुचवलं एवढंच की चौथा रकाना घाला: कारण. टेम्पो जात नाही, वसुलीचा अनुभव वाईट, की अजून तपासलंच नाही. जे असेल ते लिहा आणि वर्षातून एकदा पुन्हा बघा. अर्ध्या दिवसाचं काम. मी ती कंपनी सोडली तेव्हा ते तिकीट 'कमी प्राधान्य' या शेऱ्यासह उघडंच होतं. कोणी नाही म्हटलं नाही. चौथा रकाना भरायचा तर कुणाला तरी सही करून लिहावं लागलं असतं, एवढंच.

पिनकोडमधून सुटलात तर पुढे नाव. पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का हे मशीन अक्षरं मोजून ठरवतं. शेख हे आडनाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं. मोहम्मदच्या तऱ्हा तर मोजूच नका. एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर 'मोहं.', तिसऱ्यावर दोनच अक्षरं. कधी वडिलांचं नाव आधी, कधी आडनाव आधी. बाईच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बानो', कुठे काहीच नाही. मशीनला ही दोन वेगळी माणसं वाटतात. हे फक्त आपल्यापुरतं नाही. चव्हाणांना विचारा, त्यांच्या आडनावात एका कागदावर एक अक्षर आणि दुसऱ्यावर दुसरं असतं. पण कागद ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नीट लिहिले गेले त्यांना हा त्रास कमी होतो, आणि ज्यांची नावं शाळेतल्या गुरुजींनी ऐकली तशी लिहिली त्यांना जास्त.

गुरुजींवरून आठवलं. महाराष्ट्रात जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहायचे. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला असतो बघा. या सभागृहातही हात वर होतील. (हात वर झाले.) आता विचार करा. एकाच नावाची दोन माणसं, एकाच वस्तीत, जन्मतारीख १ जून. ब्युरोच्या संगणकाने त्यांना एक समजायला किती वेळ लागेल? मग एकाचा थकलेला हप्ता दुसऱ्याच्या नावावर चढतो. आमच्या नात्यातल्या एका बाई नागपाड्याला शिवणकाम करतात. त्यांच्या रिपोर्टमध्ये एक बाइकचं कर्ज निघालं. त्यांना सायकलसुद्धा चालवता येत नाही. दोन वर्षं त्यांना प्रत्येक दुकानात नकार मिळत होता, आणि त्यांना वाटत होतं की आपण बाई आहोत म्हणून, नाहीतर बुरख्यात गेलो म्हणून. पाटी कोरी नव्हती, तिच्यावर दुसऱ्याचं लिहिलं गेलं होतं. पण कारण कुणी सांगितलंच नाही, तर माणूस आपल्या मनाने कारण शोधतो, आणि आजच्या दिवसांत ते कोणतं सापडतं हे मी इथे सांगायला नको.

म्हणून मी म्हणतो की कारण सांगणं ही सौजन्याची गोष्ट नाही. भेदभाव झाला असेल तर तो पकडायलाही कारण लागतं, आणि झाला नसेल तर मनातलं किल्मिष जायलाही कारणच लागतं.

मशीनला कारण सांगता येत नाही, ते फार गुंतागुंतीचं असतं, असं कंपन्या सांगतात. मी हे स्वीकारत नाही. नियमांची चाळणी जिथे थांबली तिथे ती आतल्या आत एक क्रमांक लिहितेच. नाही लिहिला तर आम्हालाच चूक शोधता येणार नाही. तो क्रमांक सिस्टिममध्ये असतो, टॅबच्या पडद्यावर नसतो. अमेरिकेत अर्ज फेटाळला तर मुख्य कारणं कळवावी लागतात, हा कायदा १९७० च्या दशकापासून आहे. तिथल्या दुकानांसाठी हप्त्यांचं सॉफ्टवेअर मुंबईत बसून लिहिताना मी स्वतः ते पत्र तयार करणारा भाग लिहिला आहे. कुणी म्हटलं नाही की गुंतागुंतीचं आहे.

आपल्याकडेही काहीच नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेने २००३ च्या न्याय्य व्यवहार संहितेत बँकांना सांगितलं की कर्ज देताना लिंग, जात, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही, आणि छोट्या कर्जदाराचा अर्ज फेटाळला तर मुख्य कारण लेखी कळवायचं. २००७ मध्ये ही कारण कळवण्याची अट सगळ्या रकमांच्या कर्जांना लावली, क्रेडिट कार्डाच्या अर्जालाही. बँकेने नकार दिला तर लेखी कारण मागायचा तुम्हाला आधार आहे. बिगरबँक वित्त कंपन्यांना कर्जदाराला समजेल त्या भाषेत कळवण्याचं बंधन आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाआधी एक मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये बजाज फायनान्सला दोन प्रकारची नवी हप्त्याची कर्जं थांबवायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं, त्यात असं पत्रक न देणं हा मुख्य मुद्दा होता. मे २०२४ मध्ये ती बंदी उठली. म्हणजे नियम वापरले तर चालतात.

इतिहास नाही, उणे एक आहे, एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला परत पाठवू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने संसदेत ती पुन्हा सांगितली. त्याच महिन्यात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या समितीचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा अहवाल रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केला. यंत्राचा निर्णय समजेल असाच घडवलेला असावा, हे त्यातलं एक सूत्र आहे. तूर्त शिफारसच आहे.

पण हे सगळं कर्जाचं झालं. भाडं म्हणजे कर्ज नव्हे. पलंग भाड्याने देणारी कंपनी रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाही. तिला तथ्य पत्रक नको, लेखी कारण नको. अर्ज तपासताना ती कर्ज देणाऱ्यासारखीच वागते, पॅन मागते, उत्पन्न विचारते, पण जबाबदारीची वेळ आली की ती साधी भाड्याने देणारी असते. उदाहरणादाखल पंधरा हजारांचं वॉशिंग मशीन महिना सातशेने घेतलंत तर चोवीस महिन्यांत सोळा हजार आठशे जातात आणि मशीन कंपनीचंच राहतं. वर्ष-सहा महिन्यांसाठी आलेल्याला हे परवडतं, कायम राहणाऱ्याला नाही. तो हिशेब तुम्ही करा. 'व्याज नाही, भाडं आहे' म्हणून आपल्यातल्या अनेकांना हा मार्ग बरा वाटतो, आणि ते मी समजू शकतो. पण शब्द बदलला म्हणजे किंमत बदलत नाही. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रक्रिया शुल्कात किंवा न दिलेल्या सवलतीत दडलेलं असतं. अमेरिकेत भाडेखरेदी करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह लीझिंग या कंपनीने २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी साडेसतरा कोटी डॉलरची तडजोड केली. ग्राहकांना ठरल्या मुदतीत वस्तूच्या किमतीच्या जवळपास दुप्पट मोजावं लागत होतं आणि ते नीट सांगितलं जात नव्हतं, हा आरोप होता.

भाडेखरेदीसाठी आपल्याकडे एक स्वतंत्र कायदा झाला होता, १९७२ साली. पिनकोडच्याच वर्षी, योगायोग बघा. किंमतीचा ठरावीक हिस्सा फेडल्यावर मालकाला कोर्टात गेल्याशिवाय वस्तू उचलून नेता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. तो कधी अमलातच आला नाही. २००५ मध्ये रद्द केला.

हे सगळं परळमध्ये बोलायचं कारण आहे. टाटा आणि केईएमला बाहेरगावाहून आलेली माणसं इथे महिनोन्‌महिने राहतात. पेशंटला घरी ठेवायचं तर वर-खाली होणारा पलंग लागतो, ऑक्सिजनचं मशीन लागतं. विकत कोण घेणार? भाड्यानेच. आधार बीडचा, राहणं परळच्या भाड्याच्या खोलीत. ॲपला पत्ता जुळत नाही. मग माणूस हॉस्पिटलसमोरच्या सर्जिकलच्या दुकानात जातो. दुकानदार अनामत घेतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स घेतो आणि पलंग देतो. त्याला चिठ्ठीतून जे कळतं ते सॉफ्टवेअरला कळावं अशी सोय करता येते. चिठ्ठीचा फोटो घ्यायचा आणि पत्ता न जुळल्यास अर्ज फेटाळण्याऐवजी माणसाकडे पाठवायचा. पाच टक्के अर्जांसाठी एक माणूस बसवायचा. तो खर्च कुणी करत नाही, कारण नाकारलेला पेशंट तक्रार करायला येत नाही. त्याच्याकडे वेळ नसतो.

तर माझं मागणं छोटं आहे. नकारासोबत कारण, मराठीत आणि ज्याला हवं त्याला उर्दूत. पिनकोडच्या तक्त्यात चौथा रकाना, आणि तो कुणी भरला त्याचं नाव. आणि जी कंपनी पत तपासते ती स्वतःला भाड्याने देणारी म्हणो की कर्ज देणारी, तिला कारणाचा नियम सारखाच. यासाठी निवेदन तयार आहे, सह्या लागतील.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, प्रत्येकाकडून वेगळा. तो काढा. आपलं नसलेलं कर्ज, चुकीची जन्मतारीख, भलतं नाव दिसलं की लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. ब्युरो किंवा कंपनी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे लागत नाहीत. आमच्या त्या नातेवाईक बाईंचं बाइकचं कर्ज अशाच तक्रारीनंतर निघालं. फ्रिज आला. त्यांनी तो रोखीने घेतला, आता माझा कुणावर भरवसा नाही म्हणाल्या.

तक्रारीच्या अर्जाचे नमुने मराठीत आणि उर्दूत मागच्या टेबलावर आहेत. पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबा, रिपोर्ट इथेच काढून बघू. ओटीपी मात्र मला सांगू नका, स्वतःच टाका.